मेंढरं कुणाच्या रानात बसवायची

हिंगोली, १२ फेब्रुवारी १९४८

चि. तातेराव यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाळापूरच्या गाडीवानानं हातोहात आणून दिलं. टपालानं आलं असतं तर आधी चार जणांनी वाचलं असतं. मी बरी आहे. शाळेतून निवृत्त झाले तरी घंटेच्या वेळेला जाग येते आणि रागवायला समोर कुणी नसतं. म्हणून तुझ्यावर रागावते.

नामाजी धनगराची मेंढरं आधी कुणाच्या रानात बसवायची यावरून गावात काठ्या निघाल्या, हे वाचून हसावं की रडावं कळेना. रात्रभर मेंढरं बसली की रानाला लेंडीखत मिळतं आणि नामाजीला ज्वारी. एवढ्या सरळ व्यवहारात डोकी फोडता? वारंग्याच्या रस्त्यानं रोज रझाकारांची नवी बातमी येते आणि तुम्ही लेंड्यांवरून भांडता.

माझं ऐक. शाळेत पाण्याच्या हौदावर मुली अशाच भांडायच्या. मी एका दांडग्या मुलीला तिथं उभं केलं आणि सांगितलं, ही म्हणेल तिनं पाणी घ्यायचं. गोंधळ त्याच दिवशी मिटला. कॉन्व्हेंटात नन आम्हाला असंच वळण लावायच्या. तुमच्याकडे उकंडराव आहे. आवाज मोठा, जमीन मोठी, कुणाला भीत नाही. पाळी ठरवायचं काम त्याच्याकडे द्या. चार लोकांत तू शब्द टाक. गाव तुला मानतं; काहून, ते मला अजून समजलेलं नाही.

माझ्या भावजयीला, सिंधूला आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे.

तुझी अक्का, अनुसया


आखाडा बाळापूर, २० मार्च १९४८

ती. अक्कास तातेरावाचा शि. सा. नमस्कार. वि. वि. इकडील सर्व क्षेम.

तू सांगितलंस तसं केलं. मीच बैठकीत उकंडरावांचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. भांडण खरंच मिटलं. आता त्यांनी गावच्या राखणीसाठी पोरांचं टोळकं उभं केलं आहे. ती काठ्या घेऊन वेशीवर बसतात. लोकांना बरं वाटतं. सांजेनंतर बाहेर पडायचं तर त्यांना सांगून पडावं लागतं, पण एवढी तकलीफ सोसायला काय हरकत आहे?

परवा संतराम पारावर उकंडरावांच्या चालण्याची नक्कल करत होता. उकंडरावांनी त्याची पाळी पुढं ढकलली. सगळे त्यालाच हसले, मीही हसलो. त्याच्या जागी मेंढरं माझ्या रानात आली. तुझी भावजय त्या दिवसापासून मला ताट वाढते, पण बोलत नाही. बायकांना शिस्त कळत नाही असं लिहिणार होतो, पण तू वाचणार आहेस.

थोरलेपणाची सावली असू दे, ही विनंती.

तुझा तातेराव


हिंगोली, २८ मार्च १९४८

चि. तातेराव यास आशीर्वाद.

सिंधूला माझा नमस्कार सांग. आशीर्वाद नव्हे, नमस्कार.

संतरामाची पाळी तू घेतलीस कशी? हात आखडता आला नाही? मेंढरं आपण होऊन तर तुझ्या रानात शिरली नव्हती. एका माणसानं नक्कल केली म्हणून त्याचं रान उपाशी ठेवायचं, ही शिस्त नव्हे, हा सूड आहे. आणि ज्याला फायदा होतो तो गप्प बसतो. उकंडरावानं ते बराबर ओळखलं आहे. पहिला फायदा त्यानं तुलाच दिला, कारण तू बोलला असतास.

तुला हौदावरच्या त्या मुलीबद्दल अर्धंच लिहिलं होतं. दुसऱ्या आठवड्यात ती लहान मुलींना पाणी देईना. मी तिला तिथून काढली. मी होते म्हणून काढता आली. उकंडरावाला कोण काढणार? नेमायचं कसं ते मी तुला सांगितलं, काढायचं कसं ते माझ्या डोक्यातही आलं नाही. आज दिवसभर तेवढंच डोक्यात आहे.

पुढच्या बैठकीत उठ आणि सांग की यापुढं पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवू. आवाज चढवू नकोस, पण उठ.

तुझी अक्का


आखाडा बाळापूर, १६ मे १९४८

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

उशीर झाला. लिहायला तोंड नव्हतं.

गोजरबाई विधवा आहे, तिची पाळी दर वेळी पुढंच जायची. नामाजीनं कुणाला न विचारता तिच्या रानात मेंढरं बसवली. म्हणाला, मेंढरं माझी हायेत. उकंडरावांनी गाव बोलावलं. नामाजी रझाकारांना खबरा देतो, कुणाच्या घरात किती धान्य ते सांगतो, असं म्हणाले. अक्का, एकालाही ते खरं वाटलं नाही. मग त्यांनी विचारलं, ज्याला हे पटत नसेल त्यानं उभं राहावं.

मी पुढंच बसलो होतो. मागच्या लोकांची नजर माझ्या पाठीवर होती, मी उठलो असतो तर तेही उठले असते. माझे पाय दुमडलेले होते, ते तसेच राहिले.

आता नामाजीच्या घराला विहीर बंद, बोलणं बंद. त्याची सून रूपाबाई पोटुशी आहे, दिवस भरत आले आहेत, आणि चतुराबाई सुईण तिच्या घरी जायला भिते. काय करू?

तुझा तातेराव


हिंगोली, १८ मे १९४८

तातेराव,

आशीर्वाद नंतर. हे पत्र मिळताच गाडी जुंप आणि रूपाबाईला माझ्याकडे घेऊन ये. इथं सुईण सांगून ठेवली आहे. कुणाला विचारू नकोस.

अक्का


हिंगोली, ११ जून १९४८

चि. तातेराव यास आशीर्वाद.

त्या सकाळी तू दारातून पाणीही न पिता परत गेलास. बरं केलंस. मी काय बोलले असते देव जाणे.

रूपाबाई आता उठून बसते. मूल कळमनुरीच्या अलीकडे गाडीतच गेलं, हे ती शांतपणे सांगते. वेळेत निघाला असतात तर ते इथं जन्मलं असतं, असं सुईण म्हणाली. तुम्ही उशिरा का निघालात, ते मला तिच्याकडून कळलं. तू उकंडरावाची परवानगी मागायला गेलास. त्यानं तुला ताटकळत ठेवलं, मग चार लोकांसमोर म्हणाला की मी काही राक्षस नाही, घेऊन जा. लोकांनी त्याच्या दयेची तारीफ केली. आणि तू हात जोडून त्याचे आभार मानलेस.

तुला शिव्या देणारं पत्र लिहायला बसले होते. प्रत्येक ओळीत ‘तुम्ही गावानं त्याला मोठं केलं’ असं यायचं आणि लेखणी थांबायची. त्याला मोठा करायचा सल्ला या घरातून गेला, याच अक्षरात. ही पोर मला रोज म्हणते, बाई, तुमची मेहरबानी. मी घास गिळते आणि गप्प बसते. तुझ्यासारखीच.

नामाजी मेंढरं घेऊन कनेरगाव नाक्याकडे गेला आहे. रूपाबाई बरी झाली की तिला तिकडे पोचवीन.

सिंधूला जप. तुझ्यावर रागावले आहे, पण तू माझाच आहेस.

अक्का


आखाडा बाळापूर, २४ ऑक्टोबर १९४८

ती. अक्कास तातेरावाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फौज आली, निजामशाही गेली, ते तुला माझ्याआधी कळलं असेल. फौजेकडं गाऱ्हाणी जाऊ लागली तसे उकंडराव पैनगंगेपलीकडं सासरवाडीला निघून गेले. त्यांची काठीवाली पोरं दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, आता तुमीच सांगा मालक, कुणाला काय करायचं. अक्का, मला क्षणभर चांगलं वाटलं. तेवढ्यात तुझी भावजय दारात येऊन उभी राहिली. मी पोरांना घरी जायला सांगितलं.

मग नामाजीला परत आणायला कनेरगाव नाक्याला गेलो. रूपाबाई पालाच्या आत होती, बाहेर आली नाही. नामाजीनं घोंगडी अंथरली, चहा केला. मी माफी मागितली. तो म्हणाला, जी मालक. मी म्हटलं, गावात तुझं घर आहे, परत चल. म्हणाला, व्हय मालक. त्याचे डोळे माझ्या पायांवर होते. उकंडरावांसमोरही तो असाच बघायचा.

मी म्हटलं, नामाजी, तुझं मन असेल तरच ये. तर तो म्हणाला, “मनाचं काय मालक, तुमी सांगा कवा निघू.”

मी तसाच उठून आलो. तो वाट पाहून राहिला असेल. ये म्हटलं तर येईल, राहा म्हटलं तर राहील. अक्का, त्याला मी काय सांगू? मी काहीही सांगितलं तरी तो ऐकेल.

मायेला पात्र राहिलो असेन तर ती असू दे.

तुझा तातेराव