होडीच्या रंगाचं ग्रीक देऊळ

सर, तुम्ही चुकला होतात. हे एक वाक्य तुमच्या तोंडावर फेकायचं म्हणून मी कित्येक वर्षं जपून ठेवलं होतं, आणि तुम्ही मधल्यामध्ये मरून मोकळे झालात. आमच्या वेळच्या वर्गातल्या मुली भेटल्या की तुमच्या नावाने गहिवरतात, काय चित्रकला शिकवायचे म्हणतात. मी गुपचूप चहा पीत बसते, कारण तोंड उघडलं तर सगळ्यांच्या चहाची चव जाईल.

शिकवायचात, ते नाकारत नाही. ऐंशीच्या दशकातल्या त्या डोंबिवलीत चित्रकलेचा तास गणिताच्या बाई सर्रास पळवायच्या, तिथे तुम्ही आम्हाला साबणाच्या वड्या कोरून रोमन कमानी करायला लावल्यात. ग्रीकांचे तीन तऱ्हेचे खांब शिकवलेत, साध्या माथ्याचा, वेटोळ्यांचा आणि पानांचा. वेटोळं मला जमेना, तेव्हा तुम्ही घरच्या शिवणयंत्राचं रिकामं लाकडी रीळ आणलंत. रिळावर दोरा गुंडाळायचा, टोकाला पेन्सिल बांधायची आणि दोरा ताणून धरत उलगडत जायचं, की कागदावर गोगलगाईच्या पाठीसारखं वेटोळं उमटतं. "ठेव तुझ्याकडेच. हात चांगला आहे तुझा," म्हणालात. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून येणाऱ्या मला त्या शाळेत कुणी चांगलं म्हटलेलं ते पहिलंच वाक्य. मी ते रीळ उशाशी घेऊन झोपायचे. हे आठवलं की आजही स्वतःचाच राग येतो.

मग ठाण्याचं शाळाशाळांचं कला-प्रदर्शन ठरलं. एका मुलीच्या वडिलांनी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या आणि आपण त्यांचं ग्रीक देऊळ उभं केलं. रंगवायचं काम माझ्याकडे आलं. ग्रीक लोक समुद्रावरचे, होड्या हाकणारे, हे तुम्हीच शिकवलेलं. आमच्याकडे दरवर्षी होडी रंगवून झाली की उरलेला रंग जत्रेआधी देवीच्या देवळाला लागतो. समुद्रावरच्या माणसांचं देऊळ असंच असणार, यात मला शंकाच वाटली नाही. मी बाबांकडून डबे आणले आणि वरच्या तिकोनात निळा, तुळयांना लाल, खांबांच्या वेटोळ्यांना पिवळा दिला. असं देखणं काम मी पुन्हा केलेलं नाही.

सोमवारी तुम्ही वर्गात येता. देवळाकडे बघता, मग माझ्याकडे. "हे काय केलंस? ग्रीकांचं मंदिर म्हणजे पांढरा संगमरवर. तुमच्या वाडीतलं देऊळ आहे का हे, होडीचा रंग फासायला? सगळा मासळीबाजार करून ठेवलास!" वर्ग हसतो. पोळीभाजीचा डबा माझ्यापासून लांब सरकवून बसणाऱ्या मुली सगळ्यात जोरात हसतात. तुम्ही त्यांना गप्प करत नाही. शिपायाकडून पांढरा डिस्टेंपर मागवता आणि माझ्या रंगावर स्वतः कुंचला फिरवता. वाडगा धरायला मलाच उभं करता. शाळेत काहीतरी द्यायला आलेले बाबा दारातून म्हणतात, "सर, आमचे होरीचा रंग हाय तो. पान्यान पन जात नाय." तुम्ही मानही वर करत नाही. बाबा तसेच परत जातात. माझ्या अपमानाचं मी एक वेळ सोडून दिलं असतं, सर, पण बाबांची ती पाठ मी विसरणार नाही.

तेलरंगावर डिस्टेंपर धरत नाही, हे चित्रकलेच्या शिक्षकाला कळायला हवं होतं. ठाण्याला पोचेपर्यंत पांढऱ्याचे पोपडे सुटले आणि खालून लाल-निळा डोकावू लागला. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. परीक्षक वाकून बघतात आणि म्हणतात, "वा, प्राचीनपणा छान आणलाय!" आणि तुम्ही, डोळ्याची पापणी न लववता, "हो, मुद्दामच केलंय." बक्षीस घ्यायला तुम्ही गेलात. माझं नाव कुठेच आलं नाही. इतका निर्लज्जपणा मी नंतरही फार कमी माणसांत पाहिला.

पुढे कलाशिक्षणाच्या वर्गात एका जाड पुस्तकात मला सापडलं, की ग्रीक देवळं रंगीत असायची. लाल, निळी, पिवळी. काळाने रंग गेला आणि पांढरा दगड तेवढा मागे उरला. ते पुस्तक काखेत मारून मी कल्याणला तुमच्या घरी आले. तुमच्या बायकोने दार उघडलं. भिंतीवर तुमच्या फोटोला हार होता. मी पुस्तक न उघडता पाणी पिऊन परत आले.

आता मीही मुलांना हेच खांब शिकवते. माझ्या वर्गातली देवळं भडक असतात, बघवणार नाहीत तुम्हाला. वेटोळं मात्र रिळावरूनच काढायला लावते, कारण त्याहून सोपी युक्ती मला अजून सापडलेली नाही. हे पत्र मी कुठे धाडणार आहे म्हणा, पण लिहायला बसले ते एवढ्याचसाठी. काल एका मुलीने विचारलं, "बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" तुमचं नाव तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, "कुणी नाही, माझं मीच." आणि तुमचं रीळ पुसून पर्समध्ये ठेवलं.