येते म्हणावं

रविवार, १२ ऑक्टोबर. बोरी

लेकाकडून, इटलीहून येऊन दोन दिवस झाले, तरी जीव थाऱ्यावर नाही. बॅगा अजून तशाच बांधलेल्या.

आमच्या महेशनं शेवटी शेवटी ते डोंगरावरचं जुनं गाव दाखवलं. दगडी वेस, दगडी गल्ल्या, खाली दरी. हे म्हणाले, "ही तर आपली शिवनेरीच की. फक्त वर माणसं राहत्यात." पण माणसं तरी कुठं? निम्म्या दारांना कुलपं. एका उंबऱ्यावर म्हातारी शेंगा सोलत होती. मीही शेजारी बसून सोलू लागले. महेशनं तिला विचारून सांगितलं, पोरं शहरात असतात, येतो येतो म्हणतात. निघताना मी म्हटलं, "येते हं बाई." महेश हसला. "आई, येते काय? आपण परत थोडेच इथं येणार?"

मग काय जाते म्हणू? आपल्यात म्हणतं का कुणी तसं? तेव्हा मीही हसले. आता का डाचतंय?

तिथल्या विमानतळावर आम्हाला सोडताना महेश पाया पडला. मागं गाड्यांचे हॉर्न. "जातो मी," म्हणाला आणि गेला. घाईत म्हणाला असेल. तिकडं राहून सवय मोडली असेल.

मघाशी यांना सांगितलं, तर म्हणतात, "शब्दाचं काय घिऊन बसलीस? यील की दिवाळीला."

येईल. पण त्या म्हातारीची पोरं निदान येतो म्हणतात तरी.