महादूच्या सायकलचा पुढचा ब्रेक

९ सप्टेंबर, मंगळवार

धोंडूबाई आज सायकल घेऊन आली. लवकर आली! दरवर्षी दसऱ्याच्या आठवडाभर आधी येते. नाक्यापासून दुकानापर्यंत सायकल हाताने ढकलत आणते, बसणं तिला येत नाहीच. मी तेलपाणी करतो, चाकं फिरवून बघतो, ती झेंडूची माळ घालून परत नेते. मग वर्षभर सायकल भिंतीला. तिचा नवरा, माझा दोस्त महादू गेल्यापासून असंच. बावीस वर्षं.

या वर्षी मात्र म्हणाली, "पंढरी, आता ही भिंतीला न्हाय ठेवायची. उन्नतीला गोडाऊनमधी ड्युटी लागली. ती चालवनार हाय."

उन्नती म्हणजे तिची नात. तिच्या पोराचं दुकान वज्रेश्वरीला, तो आणि सून तिकडेच असतात. ही आजीजवळ राहते.

मी म्हटलं, बरं झालं. उठून उगाच पंपाची नळी गुंडाळत बसलो.

जाताना वळून म्हणाली, "ब्रेक नीट बघ रं."

१० सप्टेंबर, बुधवार

सायकल उलटी टाकून सगळी सोडवली. महादूला लग्नात सासऱ्याने दिलेली. काळी, दणकट, चोवीस इंची. तारेचे ब्रेक नाहीत, दांडीचे. मूठ दाबली की दांडी ओढली जाते आणि रबरं रिमला आतून लागतात. असले ब्रेक आता कोण वापरतो! मडगार्डवर नगरपालिकेचा पितळी बिल्ला अजून आहे. पूर्वी सायकललासुद्धा कर होता आणि बिल्ला नसला तर शिपाई हवा सोडून द्यायचा, हे परवा एका गिऱ्हाइकाला सांगितलं तर तो हसायलाच लागला.

छर्रे रॉकेलमध्ये धुतले. एकही घासलेला नाही. नवीन ग्रीस भरलं. मागच्या चाकाला थोडा आउट होता, फिरताना डगमगत होतं; दोन तारा आवळल्या, गेला. माझे हात हल्ली थरथरतात, पण चाक फिरायला लागलं की आपोआप थांबतात. या सायकलला मी जेवढं जपलं तेवढं स्वतःच्या गुडघ्यांना जपलं असतं तर आज जिना चढता आला असता.

पूर्वी सकाळी सहाला नुसत्या घंट्यांचा आवाज असायचा रस्त्यावर. लूमवाले, म्हणजे यंत्रमागावरचे कामगार, नारपोलीला निघायचे, शे-दोनशे सायकली एका वेळी. मी दुकानाच्या दारात पंप धरून उभा. कोणी थांबायचं, कोणी चालत्या सायकलवरून हात करायचं. महादू तर शीळ घालायचा. आता कंटेनर जातात. दिवसाला दोन पंक्चर मिळाले तरी मी बरा दिवस म्हणतो.

११ सप्टेंबर

सगळं झालं. पुढचा ब्रेक राहिला.

१२ सप्टेंबर

राहिला.

१३ सप्टेंबर, शनिवार

लिहून टाकतो. या वहीला काही तोंड नाही.

माझी कामाची एक रीत होती. आधी सगळे नट हाताने बसवायचे. मग शेवटी पाना घेऊन पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एकेक कसत जायचं. याला मी शेवटचा पाना म्हणायचो. तो झाला की सायकलची घंटी एकदा वाजवायची. घंटी वाजली म्हणजे सायकल तयार. गिऱ्हाइकं समोरच्या हॉटेलात बसलेली असायची, आपापली घंटी ओळखून उठायची.

त्या संध्याकाळी महादू पुढच्या ब्रेकची रबरं बदलायला आला होता. बसल्या बसल्या माझी फिरकी घ्यायला लागला. म्हणाला, "पंढरी, आता सगली मोटारसायकल घेत्यात. तुझा दुकान बंद पडनार बग! मंग माझ्या मागं लूमवर ये, आमच्या मुकादमाला, जॉबरला सांगतो." रोजचीच थट्टा. पण त्या दिवशी मला झोंबली. मी पाना हातात घेतलाच नाही. घंटी वाजवली आणि म्हटलं, "घे, झाली. निघ इथून!"

तो हसत गेला. माझ्याशी शेवटचं हसला तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या उतारावर उभ्या टेम्पोला मागून धडकला. जागेवर गेला. सगळे म्हणाले, उशीर झाला होता, सुसाट चालला होता.

तेरावा झाल्यावर धोंडूबाईने वाकडी सायकल माझ्याकडेच आणली. सरळ कर म्हणाली. पुढच्या ब्रेकच्या दांडीचा नट शेवटच्या आट्यावर लोंबत होता. दांडी पकडीतून सुटली होती. त्याने मूठ दाबली असेल — पार हँडलपर्यंत दाबली असेल — आणि खाली काहीच झालं नसेल. मागचा एकटा ब्रेक उतारावर पुरला नसेल.

मी काय केलं? आजूबाजूला बघितलं. आणि पाना घेऊन तो नट कसला.

विसरणं एक वेळ माणसाच्या हातून होतं. पण हे मी शुद्धीवर असताना केलं. त्या दिवसानंतर त्या ब्रेकला पाना लावलेला नाही. कोणत्याच सायकलची घंटीही वाजवली नाही. गिऱ्हाइकालाच सांगतो, तूच वाजव. लोकांना वाटतं म्हाताऱ्याची सवय.

बायकोला, कमळलाही कधी सांगितलं नाही. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. तीसुद्धा जाताना मला देवमाणूस म्हणून गेली.

१४ सप्टेंबर, रविवार

महादूची तिथ. दरवर्षीप्रमाणे जेवायला बोलावणं.

पानात भात, वालाचं बिरडं, वडे, खीर. महादूच्या पानावर तव्यावरची गरम तांदळाची भाकरी, वाफ निघत होती. धोंडूबाई स्वतः मात्र सकाळची थंड भाकरी घेऊन बसली. मी हे बरेचदा बघितलंय. वाटायचं, व्रत असेल काहीतरी, बायकांचं.

उन्नती म्हणाली, "काका, तुम्ही तरी सांगा हिला. गरम भाकरीला हातच लावत नाही. मी केली तरी गार होईपर्यंत थांबते."

धोंडूबाई म्हणाली, "खाऊ दे की मना माझी भाकरी."

"पण का, ते सांग ना!"

मग तिने सांगितलं. उन्नतीकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. जसं काही मला माहीतच असणार.

"त्या दिवशी त्याला रातची भाकरी दिली. बोलला, मना गरम पायजे. मी तोंड सोडला. भांडत भांडत चूल पेटवली, भाकरी थापली. त्यातच उशीर झाला त्याला. माझ्यावरचा राग त्यानी सायकलवर काडला. सुसाट गेला न् मेला." आणि मग अगदी साध्या आवाजात, "त्या भाकरीपायी गेला. ती मना कशी गोड लागंल?"

खीर पाण्यासारखी पिऊन उठलो.

बाहेर ओट्यावर शेजारची माणसं बसली होती. एक जण म्हणाला, "पंढरीनी मैत्री निभावली हां. बावीस वरसं!" वाटलं, त्याच्या थोबाडीत द्यावी. नाहीतर स्वतःच्या.

१५ सप्टेंबर

आठ हजार दिवस होतात. मी आज हिशेब केला. आठ हजार दिवस ती माझ्यापायी थंड भाकरी खाते आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

भिवंडीला फखरुद्दीनकडे गेलो. त्याच्या वडिलांपासून पार्ट्सचं दुकान. आता पुढे हेल्मेट आणि चार्जर लटकवलेत, सायकलचा माल मागच्या फळीवर. तो नमाजहून नुकताच येऊन बसला होता.

"दांडीच्या ब्रेकचे रबर? पंढरीभाऊ, तुम्ही पन ना! कंपनीने बनवायचंच सोडलं." पण स्टुलावर चढला आणि एक पत्र्याचा डबा काढला. चार रबरं निघाली, कडक न झालेली. जुन्या कागदात. "अब्बांनी ठेवलेले. बोलायचे, कोई ना कोई आएगा. घ्या, तुमच्यासाठीच थांबले असतील."

मग चहा मागवला. म्हणाला, "कोणाची सायकल?" म्हटलं, महादूची. त्यालाही माहीत होता महादू, सायकलच्या दिव्याचा डायनॅमो महादूने त्याच्याच दुकानातून नेला होता. म्हणाला, "चांगला मानूस. किस्मत."

तोंडापर्यंत आलं होतं. किस्मत नाही फखरुद्दीन, नट. पण चहा संपवला आणि आलो. मी भेकड आहे. दुसरा शब्द नाही याला.

२४ सप्टेंबर, बुधवार

पितृपक्षात नको म्हटलं, ती आधीच दुःखात असते. आता घट बसलेत, तर सणासुदीत कशाला म्हणतोय. यानंतर दिवाळी येईल. मला कारणं बरी सापडतात, दहा नंबरचा पाना तेवढा सापडत नाही!

ब्रेक अजून तसाच.

२८ सप्टेंबर, रविवार

शेवटी केला. सकाळी उठून, चहासुद्धा न घेता. नट गंजून बसला होता. रॉकेल टाकलं, तासभर थांबलो, दहा नंबरचा सापडला नाही म्हणून स्क्रूपाना लावला. करकरत सुटला. हातात घेतला तर एवढासा! बोराच्या बीएवढा. रबरं बदलली, दांडी पकडीत घातली, कसला. पुन्हा कसला. तीन वेळा उठून बघितलं.

दुपारी उन्नती आली, चालवून बघायला. मी सांगितलं, रोज बसायच्या आधी दोन्ही मुठी दाबायच्या, सायकल पुढे ढकलून बघायची. हलली नाही तरच बसायचं. माझ्यावर पण विश्वास ठेवायचा नाही.

ती हसली. "तुमच्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?"

समोरच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. तिची पाठ हुबेहूब महादूची आहे, तशीच जरा डावीकडे झुकलेली. उतरल्यावर म्हणाली, "मी हळूच चालवणार काका. आजी रोज सांगते, आजोबांसारखी रागात चालवू नकोस. आजोबा खूप रागीट होते का हो?"

महादू आणि रागीट! आयुष्यात कधी कोणावर आवाज चढवला नाही त्याने. बायकोच्या बोलण्याला हसायचा. तो शीळ घालत गेला असणार त्या दिवशीही. मी त्याला मारलं ते मारलं, वर त्याच्या नातीच्या मनात त्याला रागीट करून ठेवलं.

म्हटलं, सायकल दसऱ्याला ने. एक काम राहिलंय.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आज हत्यारांची पूजा. पाट मांडला. पाने, हातोडी, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, सगळं पुसून ठेवलं. हळदकुंकू वाहिलं. दहा नंबरचा पाना सापडला, पंपाच्या मागेच होता. तेव्हा तो नट गुपचूप कसला होता तो याच पान्याने. तो पाटावर ठेववेना. त्याला कुंकू लावायला हात उचलेना. खिशात टाकला आणि तसाच धोंडूबाईकडे गेलो.

ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. उन्नती ड्युटीवर. मी खाली बसलो. पाना काढून मधे ठेवला.

सांगितलं. वाटेत शब्द जुळवले होते, त्यातला एकही आला नाही. नट, घंटी, माझा राग, त्याची थट्टा. आणि नंतर गुपचूप कसला ते. तेही सांगितलं.

ती निवडत राहिली. खडा बाजूला, खडा बाजूला. मग हात थांबला.

"म्हंजे त्यानी ब्रेक दाबला व्हता?"

"व्हय. दाबलाच असणार. लागलाच नसेल."

"सुसाट नव्हता?"

"नसणार. थांबायला बघत होता तो."

बाहेर कोणाच्या तरी अंगणात गरब्याचे स्पीकर लावत होते, हॅलो हॅलो चाललं होतं.

"कमळला ठाव व्हता?"

"न्हाय. कोणालाच न्हाय."

"बावीस वरसं माझ्या घरी तिथीला जेवलास, पंढरी."

मी रडलो. ती नाही रडली. तिने पाना उचलला, हातात घेऊन बघितला, आणि माझ्या बाजूला सरकवला. टाकला नाही. सरकवला.

"जा आता," म्हणाली. मी निघालो तर मागून म्हणाली, "माझ्या दारात येऊ नको."

२ ऑक्टोबर, दसरा

उन्नती सकाळी सायकल न्यायला आली. तिला कळलेलं होतं, तोंडावरून दिसलं. दोन्ही मुठी दाबून, सायकल ढकलून बघितली. मग माझ्या हातातून पाना मागून घेतला आणि पुढचा नट स्वतः तपासला. माझ्यासमोर. हलला नाही. पाना परत दिला आणि सायकल घेऊन गेली.

चांगलं केलं. तसंच करायला मी शिकवलं होतं.

माळ आणली होती मी, झेंडूची. ती खिळ्यालाच राहिली. यंदा कोणी सोनं द्यायला आलं नाही. म्हणजे गावाला कळलं असावं. किंवा कोणी सहजच आलं नसेल.

३ ऑक्टोबर

पंक्चर एक. बाकी काही नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी दुकान उघडत होतो. उन्नती ड्युटीला चालली होती. पुढे गेली, मग ब्रेक दाबला, जागच्या जागी थांबली. एक पाय टेकून, मागे न वळता म्हणाली —

"आजीने काल तव्यावरची भाकरी खाल्ली. चुलीपाशी बसून. मग दुसरी मागितली."