हौद मोजायची काठी

बाबा, हौद मोजायची तुमची काठी मी अजून वापरते. तारनाक्याच्या आपल्या घराच्या अंगणात, फरशीखालच्या हौदाचं झाकण उचलायचं, काठी तळाला टेकवायची आणि कितव्या खाचेपर्यंत भिजली ते बघायचं. रेल्वेच्या कारखान्यातले सुतार तुम्ही. दोन-दोन बोटांवर खाचा पाडून प्रत्येकीशेजारी आकडा कोरला होतात. मी शाळेत असताना पाण्याचं बिल अचानक चढलं, तेव्हा सकाळ-संध्याकाळ ही काठी बुडवून तुम्ही ठरवून टाकलंत, की खालच्या खोल्यांतल्या भाडेकरू आक्का चोरून पाणी उपसतात. आक्का दारात उभ्या आहेत, हात ओले, मागे दोन्ही मुली. "साब, हम कायकू चोरेंगे? बच्चियों के सामने ऐसा नक्को बोलो." तुम्ही त्यांच्याकडे न बघता झाकणाला कुलूप लावता आणि किल्ली खिशात टाकता. गावच्या विहिरीवर तुमच्या आईला ओंजळ धरून ताटकळावं लागायचं, कुणी वरून ओतलं तरच पाणी मिळायचं, हे तुम्हीच आम्हाला सांगायचात. मला ते त्या क्षणी आठवलं होतं, पण तोंड उघडलं नाही. महिन्याभरात आक्कांनी खोल्या सोडल्या. मग काठी वरून वीतभर आखूड झाली, बत्तीसच्या पुढचे आकडे गेले. मी विचारलं तर "मोडली" म्हणालात. बिलही उतरलं, म्हणून आक्काच चोर, असं मी इतकी वर्षं धरून चालले.

संशयाच्या बाबतीत मी तुमचीच लेक. आता खाली पुण्याची, आयटीतली मुलगी राहते. दोन बिलं चढती आली आणि मी तिच्या दोरीवरच्या चादरी मोजू लागले. मशीनचा आवाज आला की घड्याळाकडे बघायची. शेवटी विचारलंच. "आंटी, मी वीकमधून एकदाच मशीन लावते, सिरियसली," ती म्हणाली. "मग पाणी काय हवेत जातं?" मी म्हटलं. तिचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी, महिन्याअखेरीस खोल्या सोडते असं सांगून ती चार दिवसांसाठी पुण्याला गेली. मला त्यातही काळंबेरं दिसलं.

ती गेल्यावर मी मोटर बंद केली, बाहेरून येणाऱ्या नळाचा व्हॉल्व्ह बंद केला आणि काठी बुडवली. संध्याकाळी एकवीस, सकाळी एकोणीस. घरात मी एकटी, तरी मनात आलं, ती फाटकाची किल्ली कुणाला तरी देऊन गेली असेल. तुमचं जुनं कुलूप शोधून झाकणाला लावलं. पुन्हा दोन खाचा उतरल्या. तेव्हा कुठे प्लंबरला बोलावलं. हौद उपसून तो आत उतरला आणि आतूनच म्हणाला, "अम्मा, पानी किराएदार नै पी रा, जमीन पी री." तळाशी भिंतीत जुन्या पाइपाचं भोक होतं. त्यात कुणीतरी लाकडी गुट्टा ठोकून बसवला होता, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून. आता तो कुजला होता. प्लंबरनं तो माझ्या हातावर ठेवला. रबर सोलून काढलं तर आत खाचा होत्या आणि तुमच्या हातचे आकडे: चौतीस, पस्तीस.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. आक्का गेल्यावर तुम्ही एकटे हौदात उतरलात, गळती बुजवलीत आणि वर येऊन आम्हाला "मोडली" म्हणालात. पुढे चिक्कडपल्लीच्या बाजारात आक्का दिसल्या की तुम्ही दुसऱ्या गल्लीत वळायचात. मला वाटायचं, रागानं. बाबा, मला तुमचा फार राग आला. आईला तरी सांगायचंत. आक्कांच्या मुलीही आता माझ्यासारख्याच वयस्क झाल्या असतील, आणि त्यांच्या लेखी त्यांची आई अजून चोर ठरवलेली बाई आहे.

आता खालून खोक्यांना टेप लावल्याचा आवाज येतोय. मुलगी काल परत आली. मधे दहा पायऱ्या आहेत, आणि मी इथे बसून तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही काही वाचणार नाही. गुट्टा कपाटात साड्यांखाली ठेवलाय. आणि एक सांगायचं राहिलं. प्लंबर म्हणाला होता, दोन दिवसांनी येतो. तोवर ती परतली असती आणि हौद तिच्यादेखत उपसावा लागला असता, म्हणून मी त्याच्या विनवण्या करून त्याला त्याच दिवशी यायला लावलं.