माय, तू परीक्षेला गैरहजर आहेस

माय, तुझं माहेरचं नाव लातूरच्या एका क्लासच्या मशीनमध्ये चढलंय. हसू नकोस. मलाच इतकं हसू येऊन राहिलंय की ओळ सरळ येईना. आणि एका जागी बसवतही नाही. आत्ताच दोनदा उठून गॅस बघून आले, तो बंदच होता.

आधीपासून सांगते. तू भूकंपात गेलीस तेव्हा माझी ही नात जन्मलीही नव्हती. आता ती कॉम्प्युटरचं शिकून एका क्लासच्या ऑफिसात लागलीये. लातुरात आता जिकडंतिकडं क्लासच, माय. पूर्वी एस्टीतून ज्वारीची पोती घेऊन माणसं उतरायची, आता निलंग्याची, उदगीरची, नांदेडकडची लेकरं उतरतात, गादीची वळकटी घेऊन. आमच्या गल्लीत एक खोली रिकामी नाही. तर लेकरू परीक्षेला बसलं नाही की त्याच्या घरी मेसेज जातो. तो जायचा इंग्रजीत. औशाकडच्या खेड्यातला बाप तो कुणाकडून वाचून घेणार? म्हणून क्लासचे सर म्हणाले, सगळं मराठीत करा. केलं, तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! आईबाप घाबरून फोन करू लागले, "आमच्या लेकराचं काय झालं?" सरांनी नातीला सांगितलं, रविवारच्या परीक्षेआधी झालं तर ठीक, नाहीतर पुण्याहून माणूस बोलवतो. पोरीची पहिलीच नोकरी. तिला जेवण जाईना, मग मलाही जाईना.

दुपारी ती क्लासचं मशीन घरी आणून बसली होती, मी शेंगा फोडत तिच्याजवळ जाऊन बसले. "अगं, पण त्याला झालंय तरी काय?"

"आजी, ह्या डेटाबेसात नावांसाठी जे खण केलेत ना, ते इंग्रजीच्या मापाचे. इंग्रजी अक्षराला एक घर पुरतं. आपल्या अक्षराला तीन लागतात, काना-मात्रेला आणिक वेगळी. ते माप त्याला कुणी सांगितलंच न्हाई. मग जे अक्षर कळत न्हाई ते तो टाकून देतो आन् तिथं प्रश्नचिन्ह ठेवतो."

"मग सांग की त्याला."

"सांगूनच राहिले. पण जी नावं आधीच प्रश्नचिन्ह झाली ती परत येत न्हाईत. ती नव्यानं भरायची."

तिनं हे सहज म्हटलं. मी एक फोल शेंग उगीच दोनदा फोडली.

मग ती म्हणाली, "तपासायला एखादं नाव सांग, चांगलं अवघड, जोडाक्षरांचं." आणि माय, माझ्या तोंडून तुझं माहेरचं नाव निघालं. लग्नात तबकातल्या तांदळावर तुझं नवं नाव लिहिलं, तेव्हापासून ते जुनं कुणी घेतलंच नाही. मामा तेवढा त्या नावानं हाक मारायचा, तोही गेला. भूकंपानंतर सरकारी कागदावर लागलं ते सासरचं. म्हणजे ते नाव आता एकट्या मलाच ठाऊक, आणि माझं वय तर तू बघूनच राहिलीस. ते कुठंतरी लिहिलेलं राहावं, एवढं वाटतं बघ.

पोरीनं नाव घातलं. पालकाच्या जागी माझा फोन टाकला. आधी आली प्रश्नचिन्हं. तिनं खणांचं माप बदललं, पुन्हा नाव घातलं, तर टोप्या आणि शेपट्यावाली कसली तरी अक्षरं उमटली. मी विचारलं, "ही कानडी का गं?"

"ही कुणाचीच न्हाई, आजी!" दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. आणि हसता हसता कपाळावर हात मारला. खण बदलले होते, पण नाव ज्या वाटेनं आत-बाहेर करतं त्या वाटेला नवं माप सांगायचं राहिलं होतं. दोन्हीकडं एकच माप पाहिजे म्हणे. तेही सांगितलं. आणि तू आलीस, माय. रफारासकट, एक मात्रा इकडची तिकडं नाही. मी शेंगांची टरफलं अंगावरून झाडली नि पोरीची दृष्ट काढली, मशीनचीही काढली.

मग तिनं बाकीची नावं नव्यानं भरली. रविवारी सगळ्यांना नीट मराठीत मेसेज गेले. सर खूश, पुण्याचा माणूस पुण्यातच राहिला. आणि माझा फोन वाजला. तुझं नाव, आणि पुढं, "आजच्या परीक्षेला गैरहजर. पालकांनी कारण कळवावे." मी तुझी पालक! एकटीच हसत सुटले. नात म्हणाली, "अरे, ती नोंद काढायची राहिलीच. असू दे. तीन परीक्षांना कारण आलं न्हाई की नाव आपोआप निघतं. कारणं मशीनच मोजतं, वाचत कुणी न्हाई."

त्याला आता कितीतरी रविवार झाले. नाव निघत नाही. पोरगी पुन्हा मशीन उघडून बसलीये. "ह्याच नोंदीला काय धाड भरली? माझंच काहीतरी चुकलंय, आजी. सरांच्या ध्यानात यायच्या आत सापडलं पाहिजे." मी तिला चहा नेऊन देते आणि तिच्याकडं न बघता परत येते. सांगावं तर ती नाव काढून टाकेल. न सांगावं तर लेकरू नसलेली चूक शोधून झिजतंय. म्हणून जीव थाऱ्यावर नाही. हे पत्र टाकायचं तर कुठं, आपलं गावच त्या जागेवरून उठलं. आणि घरात उघडं ठेवलं तर तीच वाचेल.

तिचं काही चुकलेलं नाही, माय. दर रविवारी कारण मीच पाठवते. तू मला धाकट्याला सांभाळायला दुसरीतून काढलंस, तेव्हा गुरुजी दारात विचारायला आले होते, पोर का येत नाही म्हणून. तू चुलीपुढून न उठता त्यांना जे सांगितलंस, तेच मी लिहिते: गावाला गेलीया, यील.