बाबा तोडत नाहीत

१९ मार्च

वाजंत्री,

अनेक आशीर्वाद लिहायची रीत आहे. अनेक जमणार नाहीत, एक घे. इकडे सगळे खुशाल, असंही लिहायचं असतं. ते खोटं होईल. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या ड्रमवाल्याच्या हाती देतेय. त्याला बजावलंय, तू वाचून होईस्तोवर समोरून हलायचं नाही.

बाबांचा गिटारचा अँप्लिफायर त्यानेच दुकानात आणून ठेवला. तू नाही. बाबांनी बनवलेला पहिला अँप, ज्याच्यावर तू गिटार शिकलास, तो चार लोकांत जाळलास आणि सोबत साधी चिठ्ठी नाही! वर स्टेजवरून माइकमध्ये काय म्हणालास? "आमच्या म्हाताऱ्याच्या हातचं आहे, चालायचंच." लोक हसले म्हणे. हसणारच. तुझं काय जातंय!

झालं काय, तेही ड्रमवाल्याकडूनच कळलं. कुणाचा तरी पाय अडकला, स्पीकरची वायर निघाली, आवाज बंद. शहाणा माणूस थांबला असता. तू व्हॉल्यूम वाढवलास आणि आणखी जोरात वाजवत सुटलास. स्पीकर निघाला की ट्रान्सफॉर्मरमधल्या ताकदीला जायला जागा उरत नाही, व्होल्टेज भलतंच उसळतं आणि आतल्या तारेचं वेष्टण फोडून जातं. हे तू शाळेत असल्यापासून ऐकतोयस. म्हणून तर बाबा प्रत्येक अँपमध्ये काचेच्या व्हॉल्व्हपासून खालच्या पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत डायोड बसवतात. उसळी आली तर त्यांच्यातून निघून जावी, ट्रान्सफॉर्मर वाचावा. डायोड न बसवता एकही अँप आपल्या दुकानातून बाहेर पडलेला नाही.

मागचं झाकण मी उघडलं. डायोड नव्हते. त्यांच्या पायांचे तुकडे मात्र होते, सोल्डरमध्ये तसेच रुतलेले, कटरने कच्चकन तोडलेले. अरे, बाबा कधी काही तोडतात का? बाबा काढतात. सोल्डर वितळवतात, पाय अलगद ओढतात, जागा पुसून लख्ख करतात. आपल्या दोघांना त्यांनी तसंच शिकवलं. मी शिकले. तुला कायमची घाई.

"डायोड आवाज खातात, ताई." किती वर्षं डोकं खाल्लंस याच्यावरून! शेवटी मागच्या खेपेला आलास तेव्हा मी तुझे डोळे बांधून दोन अँप ऐकवले. "हा बघ, हा मोकळा वाजतो," म्हणून तू हात कुठल्या अँपवर ठेवलास? डायोडवाल्या. बाबा हसता हसता खोकायला लागले आणि तू चहा तसाच टाकून निघून गेलास, जाताना हाच अँप घेऊन. तो राग तू त्या बिचाऱ्या डायोडवर काढलास, असं माझं मत आहे. चुकत असेन तर सांग. पण येऊन सांग.

आता ड्रमवाल्यालाही माहीत नाही ते ऐक. तुझं माइकमधलं बोलणं गावभर झालं. संगीत शाळेच्या बाईंनी नव्या अँपचं काम "सध्या राहू दे" म्हणून कळवलं. रविवारी दुकानात येणारा बेस गिटारवाला तर दुरुस्तीला दिलेले स्वतःचे दोन्ही अँप तसेच परत न्यायला आला. उघडा अँप टेबलावर होता. वाकून बघितलं त्याने आणि तोंडावर विचारलं, "काका, तुमच्याच अँपमध्ये डायोड नाहीत?" ते तुकडे बाबांना दिसत होते, चष्म्याशिवायही दिसले असते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी झाकण लावून टाकलं.

"मीच विसरलो बसवायला," म्हणाले. "वय झालं."

वय झालं म्हणे! कुणाच्या अँपमध्ये कुठला व्हॉल्व्ह घातला ते या माणसाला अजून तोंडपाठ आहे. बेसवाला गेल्यावर मी बाबांवर ओरडले, जन्मात पहिल्यांदा. तर म्हणाले, "त्याला अजून लोकांसमोर उभं राहायचंय. मला कुठे राहायचंय?" आणि कुणाला काही सांगणार नाही असा माझ्याकडून शब्द घेतला. तुझं नाव राखायला त्यांनी स्वतःच्या नावावर पाणी सोडलं, समजतंय का तुला?

पुढचं लिहिणार नव्हते. बाबांनी तुझ्यासाठी जळालेल्या ट्रान्सफॉर्मरवर नवी तार गुंडाळली. हात थरथरतात हल्ली. तुला कसं ठाऊक असणार, तू येतोस कुठे? तार तुटायची, ते सगळी उलगडायचे, पुन्हा पहिल्यापासून. मला फक्त रीळ धरू दिलं. शेवटी सगळं जोडून झालं आणि त्यांनी झाकण उचललं. म्हटलं, "बाबा, डायोड?"

"राहू दे. त्याला आवडत नाहीत."

इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून काम करतेय. एक सोल्डर मनासारखा झाला नाही तर गिऱ्हाईक दारात ताटकळत असताना मला सगळं परत उघडायला लावतात. माझ्यासाठी कधी तसूभर ढील दिली नाही. तुझ्यासाठी मात्र स्वतःचा नियम मोडला, आणि तोही तू सगळ्यांसमोर त्यांची लाज काढल्यावर. अँप जाळलास त्याचा राग एक वेळ गिळेन मी. हे नाही गिळवत. मेल्या, काय पाहिलं त्यांनी तुझ्यात?

झाकण मी लावू दिलेलं नाही, ते तुकडेही काढू दिलेले नाहीत. अँप टेबलावर तसाच उघडा आहे, शेजारी नवे डायोड काढून ठेवलेत. मी ते बसवणार नाही आणि अँप कुणाच्या हाती पाठवणारही नाही. रविवारी वाजवणारी मंडळी नेहमीसारखी दुकानात जमतील. बेसवाल्याला आणि शाळेच्या बाईंना मी मुद्दाम बोलावलंय. मी शब्दाने बांधली गेलेय. बोलायचं तर तूच. त्यांच्यासमोर ये, डायोड कुणी तोडले ते स्वतःच्या तोंडाने सांग, ते तुकडे नीट काढ, आणि नवे तुझ्या हाताने बसव. नाही आलास तर बाबा "विसरलेले"च राहतील, लोकांच्या लेखी कायमचे.

त्यांना या पत्राचा पत्ता नाही. दुकानाचं दार वाजलं की मान वर करून बघतात. दुसरंच कुणी असलं की पुन्हा खाली घालतात. मला ते बघवत नाही.

येताना कटर आणू नकोस.

तुझी (सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते. राहू दे.)

ताई