गॅस भरलेला, बॅटरी रिकामी

मर्ल,

आपल्या राहत्या ट्रेलरची बॅटरी काढून शेजारच्या डेल्बर्टच्या जनरेटरवर चार्जिंगला नेली आहे. तो विचारेल, "पुन्हा?" मी म्हणेन, "पुन्हा!"

"हीटर गॅसचा आहे, त्याला बॅटरी कशाला लागते?" हे तुझं पालुपद आता पुरे. ऊब गॅसची, पण ती आत ढकलणारा पंखा बॅटरीच खातो. झोपताना थर्मोस्टॅटचा काटा वर सरकवलास की रात्रभर खातो. बाहेर वाळवंट गोठलेलं आणि तू आत नुसत्या बनियनवर! वर शेजाऱ्यांना सांगतोस, "आर्लिसला थंडी सोसत नाही."

पहाटे बॅटरी संपली. पंखा थांबला, त्याचं काही नाही. पण झोपेत श्वास अडकू नये म्हणून तू लावतोस ते यंत्रही त्याच बॅटरीवर चालतं, तेही थांबलं. तू मजेत घोरत होतास. घोरण्याबरोबर श्वासही मध्येच थांबला की मी तुला कोपरानं ढोसत होते, पार उजाडेपर्यंत. बरगडी दुखत असेल तर ती त्यानं.

कॉफी शेगडीवर आहे. आज रात्री हीटर बंद राहील आणि यंत्र चालू. थंडी वाजली तर मुकाट्यानं माझ्या रजईत ये. रात्रभर कोपर चालवण्यापेक्षा तेवढी अडचण मला परवडेल.

आर्लिस